जालिंदरच्या जागी

कांदा-बटाटा मार्केटात त्याला अजून मास्तर म्हणतात. "मास्तर, ही गाडी धरा." "मास्तर, चहा आला." ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मी त्याला जालिंदरच म्हणते. माझ्यासमोर कुणी मास्तर म्हटलं, तर त्याच्या ताटात भाकरी जरा आपटूनच पडते.

मी गोजरा. कोपरखैरण्याला माथाडींच्या खोल्यांत माझी खानावळ आहे. जेवायला सगळी आमच्या साताऱ्याकडचीच माणसं, मार्केटात गोण्या वाहणारी. बंडू मुकादमाची टोळी रोजची. त्याच टोळीतला हौसेराव, म्हणजे जालिंदरचा बाप. आई बाळाबाई, माझ्या भिंतीला भिंत लागून. इतकी वर्षं ओझं वाहून हौसेरावाची मान एका अंगाला झुकलेली. लग्नाकार्यात फोटोला उभा राहिला तरी हा आपला वाकडा. त्याचं एकच पालुपद असायचं, "माझ्या पोराच्या डोक्याव गोणी चढायची न्हाई." रोज तेच. मी म्हणायची, "कळलं रे बाबा, जेव आता."

पोरगं होतंच तसं. खोलीत पाच माणसं, बाहेर नळावर भांडणं, आणि हा दारात पालथा पडून वाचत बसलेला. बी.ए. झाला आणि शहाण्णव साली बी.एड.ला नंबर लागला. टोळीनं मार्केटात पेढे वाटले. शिक्षक होणाऱ्यांनी पांढरा शर्ट घालायचा असतो असं कळल्यावर बंडूनं सगळ्यांकडून वर्गणी काढून चांगलं भारीतलं कापड आणलं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाळाबाईनं त्याला ओवाळलं, तेव्हा आमच्या अख्ख्या लायनीतल्या बाया दारात उभ्या होत्या. मला तर रडूच फुटलं. पोटचा नाही, पण माझ्याच भाकरीवर वाढलेला ना तो.

बी.एड. म्हणजे काय, ते आम्हाला त्यानंच सांगितलं. वर्षभर कॉलेज, आणि मधूनमधून खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचं. कॉलेजच्या बाई मागच्या बाकावर बसून बघणार. त्याला सराव पाठ म्हणतात.

पहिला सराव पाठ सानपाड्याच्या एका शाळेत होता. सहावीचा भूगोल, कृष्णा नदी. जालिंदरनं एक रिकामी गोणी उसवून धुतली, ताणून वाळवली आणि त्या तरटावर रंगानं नकाशा काढला. निळी कृष्णा, तिला मिळणारी कोयना, वेण्णा, सगळ्या. मग संध्याकाळी माझ्या खानावळीत टोळीला भिंतीशी ओळीनं बसवून शिकवायला लागला. हसून हसून पुरेवाट व्हायची. बंडू म्हणायचा, "कृष्णामाई कुठनं निघाली ते मला इचारतोयस व्हय रं? तिच्यातच पवायला शिकलो मी."

"तात्या, आधी हात वर करा, मग बोला," जालिंदर म्हणायचा. की बंडू मुकादम, ज्याच्या एका हाकेला गाडी थांबते तो बाप्या, मुकाट हात वर करायचा.

सगळ्यांत पुढे बसायचा तो श्यामसुंदर. हाही आमच्याच गावचा, बी.कॉम. झालेला, मार्केटातल्या एका गाळ्यावर हिशेबनीस. बोलायला फर्डा. पूजेला माईक त्याच्याच हातात असायचा. रोज ऐकून ऐकून त्याला तो पाठ जालिंदरइतकाच तोंडपाठ झाला होता.

आता टोळीची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. टोळीतला एखादा आजारी पडला, की त्याच्या जागी दुसरा उभा करतात. याला बदली देणं म्हणतात. हजेरीला नाव पडलेल्याचंच पुकारायचं, 'हजर' बदलीनं म्हणायचं, आणि मजुरी पडलेल्याच्या घरी जायची. यात लपवाछपवी काही नसते. उलट बदली दिला नाही तर टोळीला नावं ठेवतात. या रीतीवर आमची कितीतरी घरं तगली. माझा नवरा टायफॉइडनं पडला तेव्हा माझंही तगलं.

पाठाच्या आदल्या दिवशी हौसेराव गाडीच्या फळीवरून गोणीसकट खाली पडला. कमरेचं हाड मोडलं. वाशीच्या दवाखान्यात नेला. सकाळी ऑपरेशन ठरलं, रक्त द्यायला आणि सह्या करायला मुलगा हवा होता. बाळाबाईला मी धरून बसले होते, ती सारखी खाली घसरत होती. जालिंदर बंडूला म्हणाला, "तात्या, उद्या माझा पाठ आहे. मला येता येणार नाही, एवढं शाळेत कुणीतरी जाऊन सांगा."

बंडूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू बापाकडं बघ. तुझं काम पडू द्यायचो न्हाई."

पोरानं मान हलवली. त्याला वाटलं, निरोप पोचला.

बंडूनं निरोप नाही पाठवला. त्यानं श्यामसुंदर पाठवला. जालिंदरचा पांढरा शर्ट घालून, काखेत तो तरटाचा नकाशा देऊन. मुकादमाला वाटलं, निरोप काय कुणीही सांगतो. माणूस पडला तर माणूस उभा करायचा, ही खरी माणुसकी.

आणि तो बी.कॉम.चा दिवा! त्याला तरी कळायला नको होतं का? पण मुकादमानं उभा राहा म्हटल्यावर टोळीच्या पंगतीतला माणूस का कशाला विचारत नाही. बाईंनी जालिंदरचं नाव पुकारलं, हा म्हणाला, "हजर."

पाठ झाला तोही असा झाला म्हणतात, की पोरांनी टाळ्या वाजवल्या. तपासणाऱ्या सुनीती मॅडम कॉलेजात नवीन होत्या, त्यांना अजून चेहरे माहीत नव्हते. त्यांनी 'उत्तम' असा शेरा दिला. तिथंच विषय संपला असता. पण तास संपायला आणि बंडू दारात यायला एकच गाठ पडली. डोक्यावर अर्धी गोणी कांदा. ती त्यानं वर्गात उतरवली आणि हात जोडून म्हणाला, "बाई, आमच्या पोराचा बाप दवाखान्यात हाय, म्हणून आमी ह्यो बदली दिला. काम चोख झालं न्हवं? ह्यो तुमास्नी कांदा. नाशकाचा हाय, टिकंल."

चोर असा येतो का हो? चोरी करणारा माणूस आपण होऊन, कांदा घेऊन, सांगायला येतो का?

दोन दिवसांनी कॉलेजच्या मोठ्या साहेबांनी बोलावलं. जालिंदर, बंडू आणि मी गेलो. बाळाबाई दवाखान्यातून हलत नव्हती, म्हणून मी. साहेब काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते. ते हळू आवाजात म्हणाले, की हा तोतया उभा करण्याचा प्रकार आहे, वर लाच देण्याचा प्रयत्न, पोरांसमोर, शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर. "उद्या ही शाळा आम्हाला पाठ घ्यायला दारात उभं करणार नाही. मी याला ठेवू शकत नाही."

जालिंदर म्हणाला, "सर, मला माहीत नव्हतं." एवढंच. बंडूकडे बोट दाखवलं नाही. मी दाखवलं. मी म्हटलं, "साहेब, ह्या बैलानं केलंय, पोराचा काही दोष नाही."

तेव्हा बंडू उठला. टोपी काढून टेबलावर ठेवली. "आक्का खरं बोलती. चूक माझी हाय. मग त्याच्या जागी मला काढा साहेब. त्याची शिक्षा मी घेतो."

साहेबांनी टोपी परत त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "तुम्ही इथं आहातच कुठं, काढायला?" कुचेष्टेनं नाही म्हणाले. त्यांनाही वाईटच वाटत होतं. पण वाईट वाटून काय उपयोग? नाव गेलं ते गेलंच.

बाहेर बसस्टॉपवर मी बंडूला नाही नाही ते बोलले. मुडद्या म्हटलं, वाटोळं केलंस म्हटलं. जालिंदरच मला म्हणाला, "आक्का, जाऊ द्या. त्यांच्याकडे देण्यासारखं होतं ते त्यांनी दिलं."

हौसेराव घरी आला, पण परत उभा राहिला तो काठी धरून. पुढे जन्मात गोणी उचलणार नव्हता. रोज विचारायचा, "पाठ कसा झाला रं?" आम्ही सांगायचो, चांगला झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. खोटंही नव्हतं ते. मग एका सकाळी जालिंदरनं बापाच्या खुंटीवरचा, गोणीत अडकवायचा हूक काढून घेतला, तेव्हा म्हाताऱ्याला सगळं कळलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला. बापाच्या जागी मुलगा लागला. दुसरं काय होणार होतं?

त्या दिवशी मी दुपारचे डबे घेऊन मार्केटात गेले. बघते तर टोळी घामानं निथळतेय आणि जालिंदर गोण्यांच्या थप्पीवर बसलाय, अंगात तोच पांढरा शर्ट. बंडूनं सगळ्यांना दम दिला होता, पोराला गोणीला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या वाटची गोणी जो तो पाळीनं उचलत होता.

मला बघून तो खाली उतरला. शर्ट काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "आक्का, धरा जरा." डोक्याला टॉवेल गुंडाळून गाडीच्या फळीखाली जाऊन उभा राहिला. "तात्या, लावा."

"बस की रं मास्तर," बंडू वरून म्हणाला. "आमी हाय न्हवं, तुझी बदली..."

"नाही तात्या. आता माझ्या जागी कुणी उभं राहायचं नाही."

सगळी टोळी थांबली. बंडूनं स्वतः गोणी धरली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली, अगदी सावकाश, झोपलेलं पोर खाली ठेवावं तशी. जालिंदरचे पाय लटपटले, मग चालायला लागले.

शर्ट मी घरी आणला. धुतला, इस्त्री केली आणि त्याला सांगितलं, येऊन घेऊन जा. रोज जेवायला येतो, पण शर्ट अजून माझ्याकडेच आहे.