आईनं मोटार चालवली तेव्हा

ताडकळसला माझा एक मित्र आहे, कापसाचा व्यापारी. एका जहागीरदाराच्या गोदामात गंजत पडलेली अमेरिकन मोटार त्यानं विकत घेतली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, काळी, चांगली लांबलचक. दोन वर्षं ती दुरुस्तीला होती. तयार होऊन आली तशी त्यानं मला बघायला बोलावलं. आईलाही बाजार करायचा होता, म्हणून तीही माझ्या मोटारसायकलवर मागं बसून आली. आई ऐंशीच्या घरातली. तिचं माहेर इथून जवळच. तिचे वडील त्या जहागीरदाराकडे कामाला होते, एवढंच मला माहीत होतं.

मित्रानं मला स्टिअरिंगवर बसवलं. म्हणाला, “चावी फिरवली हाय. आता चालू करून दाखव.”

मी बटणं दाबली, दांडे ओढले. काहीच होईना. मित्र हसायला लागला.

“पायाखाली बघ की,” आई बाहेरून म्हणाली. “रेस दाबली की चालू होती ती.”

मी दाबली. इंजिन खरंच सुरू झालं. मित्राचं हसू तिथंच थांबलं.

“काकू, तुमाला कसं माहीत?”

आईनं भाजीची पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि मला म्हणाली, “सरक.”

मी सरकलो. आईनं सीटवरची उशी पाठीमागं लावून घेतली, क्लच दाबला आणि गिअर टाकला. आवाजसुद्धा झाला नाही. कापसाच्या गंज्यांमधून तिनं ते धूड आवारात एक पूर्ण फेरी फिरवलं. मी दोन्ही हातांनी दार धरून बसलो होतो. जिनं आयुष्यात सायकल चालवलेली मी पाहिली नाही, ती ही माझी आई.

गाडी थांबल्यावर मी विचारलं, “हे काय हाय?”

“तुझ्या आजोबाची गाडी. म्हंजी ते डायवर व्हते हिचे.” ती समोर बघत बोलत होती. “डोळ्याला दिसंना झालं त्यांला. मालकाला चुडाव्याच्या ठेसनावर सोडायचं, तवा मला संगं न्यायचे. जाताना मालक मागं, मी त्यांच्या बाजूला बसून हळूच रस्ता सांगायची. येताना गाडी रिकामी, मग मीच आणायची. तेरा वर्साची आसीन. मालकाला कळलं आसतं तर नोकरी गेली आसती.”

“आन् आमाला का न्हाई सांगितलं?”

“बापाला जबान दिली व्हती.”

आमच्या वडलांनी मोठेपणी जीप घेतली होती. चालवायला कधी धड जमली नाही. दोनदा नाल्यात घातली. दोन्ही वेळा आई शेजारी बसलेली होती.

“तेवाबी गप बसलीस?”

“काय बोलावं? ते गिअर टाकायचे, तवा हिकडं क्लच नसला तरी माझा पाय आपसूक दाबला जायचा.”

मला राग आला. कुणाचा, ते आजही सांगता येत नाही. वडलांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

मित्र आणखी एक फेरी मारा म्हणून मागं लागला, पण आई उतरली. भाजी सुकायलीय म्हणाली.

घरी बायकोचा विश्वास बसेना. मित्रानं त्या फेरीचा काढून पाठवलेला व्हिडिओ मी तिला दाखवला. ती तोंडावर हात ठेवून बघत राहिली. आईनं चष्मा लावून मोबाईल हातात घेतला, दोनदा बघितला आणि म्हणाली, “पदर लयच मागं गेलाय की गं.”