आईच्या गुडघ्यातल्या पेशी

लातूरहून नांदेडला जाणारी माझी एसटी आमच्या अहमदपूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. पीएच.डी.च्या पहिल्या तीन वर्षांत मी आईला बहुतेक वेळा त्या दहा मिनिटांतच भेटले. मांडीवर बर्फाचा डबा असायचा, त्यामुळे खाली उतरता येत नसे. आई खिडकीशी यायची, कापडात बांधलेले धपाटे आत द्यायची आणि डब्याकडे बघून विचारायची, "आज कुणाचा हाय?"

"नाव सांगत नाहीत, आई. नंबर असतो."

"बाई का बाप्या?"

"बाई. रानात काम करणारी."

मग ती डब्यावर जरा वेळ हात ठेवायची.

लातूरच्या एका हॉस्पिटलात गुडघे बदलायची ऑपरेशनं होत. काढून टाकलेल्या हाडावर कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या त्या गुळगुळीत अस्तराचा, थोडाफार थर उरलेला असे. एरवी तो फेकूनच दिला जायचा. रुग्णाने संमती दिली की तो मला मिळे आणि संध्याकाळच्या आत मी तो नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत पोचवी. इतक्या झिजलेल्या कूर्चेतही काही पेशी अशा सापडतात, की ज्यांच्यात नवी कूर्चा तयार करायची ताकद शिल्लक असते. माझं काम त्या पेशींच्या अंगावरच्या आयन वाहिन्यांचं होतं. वाहिनी म्हणजे एक अगदी बारीक दार. काही दारं दाब पडला की उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पेशीला कळतं की आपल्यावर भार आला. दुखऱ्या सांध्यात ही दारं कशी वागतात, एवढंच मला शोधायचं होतं.

आईला मी हे एकदा असंच सांगितलं होतं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. सगळी नोकरी तिने फळ्यापाशी उभं राहून केली. वर्गातल्या खुर्चीवर हजेरीपट असायचा, ती कधी बसलेली मला आठवत नाही. निवृत्त झाली तेव्हाच तिचे दोन्ही गुडघे धनुष्यासारखे बाहेर वळायला लागले होते. घरापासून स्टँड आधी पंधरा मिनिटांवर होतं. मग तिला अर्धा तास लागू लागला, मग त्याहून जास्त. बस यायच्या कितीतरी आधी ती निघायची आणि मला म्हणायची, "आत्ताच आले बघ."

एका दुपारी ती आली नाही. तिच्या जागी शेजारच्या काकू उभ्या होत्या. त्यांनी धपाटे दिले आणि म्हणाल्या, "बाई पायरी उतरंनात आता. तुला सांगू नको म्हणल्यात."

बस निघाली. डबा मांडीवर होता, नाहीतर मी उतरले असते असं स्वतःला सांगत राहिले. पुढच्या रविवारी मुद्दाम घरी गेले. ती ओसरीत खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर बसलेली आई मी पहिल्यांदाच बघत होते.

"ऑपरेशन करून घे," मी म्हटलं. "डॉक्टर दोन वर्षं झाली सांगतायत."

"करू की. घाई काय हाय? तुझं औषध निघू दे आधी."

मला वाटलं गंमत करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. दोन वर्षं ती माझ्यासाठी थांबली होती. ती दारं उघडली, पेशी जाग्या झाल्या की गुडघा आपला आपण भरून येईल, असं तिने माझ्याच बोलण्यातून समजून घेतलं होतं. मीही ते बोलताना किती हुरळून बोलले असेन.

"आई, माझ्या कामातून औषध निघणार नाही," मी म्हटलं. "निघालंच कधी, तर कुणाच्या तरी कामातून, लई वर्षांनी. तुझ्या उपयोगाचं नाही."

ती म्हणाली, "आधी सांगायचं ना माय."

पुढच्या महिन्यात लातूरला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी तिच्यापुढे आमचं संमतीपत्र आलं. तिने चष्मा लावून ते ओळ न् ओळ वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि 'उती' खोडून 'ऊती' केलं. सही केली ती त्यानंतर. खाडाखोड चालत नाही म्हणून डॉक्टरांना दुसरा कागद आणावा लागला. त्यावरही तिने तेच केलं. शेवटी डॉक्टर हसले आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन करून म्हणाले, मजकूर सुधारून पाठवा.

ऑपरेशन झालं. दुपारी डबा माझ्या हातात आला. आई नुकती शुद्धीत आली होती, ओठ सुकले होते. पुण्याहून आलेला दादा उशाशी बसला होता. मी म्हटलं, आज नमुना राहू दे, मी इथंच थांबते.

"खराब होईल ना ते," ती म्हणाली. "दादा हाय इथं. जा तू."

मी गेले. मांडीवर आईचे गुडघे आणि आई मागे लातुरात. अहमदपूरला बस नेहमीसारखी थांबली. खिडकीबाहेर बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

नांदेडला मॅडमना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "हा नमुना तू मोजायचा नाहीस. तुझे डोळे त्यात हवं तेच बघतील." त्यांचं बरोबर होतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने कूर्चा विरघळवून पेशी वेगळ्या केल्या, वाढवल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने त्यातल्या एका पेशीला केसाहून बारीक काचेची नळी टेकवली आणि हलकेच दाब दिला. मी तिच्या मागे उभी होते. पडद्यावरची सरळ रेघ एकदम खाली उतरली, तशीच राहिली आणि परत वर आली. दार उघडून मिटलं होतं. त्या मुलीने वहीत वेळ लिहिली आणि पुढची पेशी शोधायला लागली. निकाल इतरांसारखाच निघाला, काही वेगळा नाही.

चार महिन्यांनी आई स्वतः जिना चढून प्रयोगशाळेत आली. सूक्ष्मदर्शकावर वाकून तिने आपल्याच पेशी बघितल्या.

"लांबट हायेत," ती म्हणाली. "जिवंत हायेत ह्या?"

"हो."

"किती दिवस राहतील?"

"थोडे दिवस. वाढायच्या थांबल्या की काढून टाकाव्या लागतात."

तिने मान हलवली आणि पुन्हा डोळा लावला. तो तिने बराच वेळ काढला नाही. मग सांगितलं, की ती दादाकडे पुण्याला राहायला जाणार आहे. अहमदपूरच्या घराला कुलूप लावायचं ठरलंय.

आता ती दादाच्या सोसायटीच्या बागेत रोज सकाळी चालते. दादा कधीतरी मागून व्हिडिओ काढून पाठवतो. तिला ते माहीत नसतं. पदर खोचलेला, पाय सरळ, मी लहान असताना चालायची तितकी भरभर. चालत ती झाडांच्या पलीकडे जाते आणि व्हिडिओ संपतो. मी फोन लावते.

"चालून आले आत्ताच," ती म्हणते. "बोल, काय म्हणतीस?"

मला तसं काही म्हणायचं नसतं. मी विचारते, जेवायला काय केलंय, आणि ती सांगत राहते.