घागरीला शिवू नको

आमच्या थोरल्या जाऊबाई, अक्का, दूध तापवताना पातेल्याकडं बघत नसत. आम्हा धाकट्या जावांच्या तोंडाकडं बघत. साय कुणाच्या पोटात जाते, नवऱ्याला वेगळं निघायला कोण शिकवतंय, सगळ्याचा त्यांना संशय. "मला समदं दिसतंय," हे वाक्य तर कायम तोंडात.

संशय मलाही होता, त्यांचाच. अक्कांना मूलबाळ नव्हतं. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आईनं बजावलं, "तीन महिने तिला कळू देऊ नको, नजर लागंल." म्हणून पाळीची वेळ आली तशी मी उगीचच ओसरीत पोतं अंथरून बाजूला बसले. अक्कांनी लांबूनच मला न्याहाळलं. "कावळा शिवलेली बाई अशा चिंचा चोखत न्हाई बसत," एवढंच म्हणाल्या. आता ही बया काय करणार?

त्या साली पाऊस नव्हता. विहिरी आटलेल्या, रेणापूरच्या वाटेवरच्या मळ्यातून आम्ही डोक्यावर पाणी आणायचो. आमच्या घरात गरोदर बाईलाही पाणी भरणं चुकत नव्हतं. बाजूला बसलेलीला मात्र चुकायचं. चौथ्या दिवशी मी न्हाऊन घागर उचलली, तर अक्का सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुझं सरलं न्हाई आणिक. घागरीला शिवू नको गं." मग पोट दिसेपर्यंत अधूनमधून त्याच मला बाजूला बसवत राहिल्या.

सासूबाई कुरकुरल्या, "हिचं लईच चाललंय."

"अंगावरनं जातंय तिच्या," अक्कांनी थाप मारली. माझ्या खेपाही त्याच करत.

तरी माझं मन साफ होईना. हिला माझं लेकरू हवंय, दुसरं काय? मुलगी झाली, अक्कांनी हातात घेतली, तेव्हाही माझं लक्ष त्यांच्या नजरेवरच होतं.

पुढं लातूर जिल्हा झाला आणि ह्यांना नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. निघताना अक्का म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. तूच शिकवलंस." मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची.

लातुरात चूल माझी, साय माझी. पुन्हा दिवस गेले. खोली माडीवर, नळ गल्लीच्या टोकाला. तिसऱ्या महिन्यात बादल्या चढवता चढवता गर्भ पडला.

निरोप मिळताच अक्का एसटीनं आल्या. आधी माझ्याजवळ बसल्याच नाहीत. जिना पाहिला, बादल्या पाहिल्या. मग ह्यांच्याकडं रोखून बघत विचारलं, "पाणी कोण भरत व्हतं?"

मला रडू कोसळलं.

"अक्का, इथं मला बाजूला कोण बसवणार होतं?"