वन्संचं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, बहिणीला नाही. देवापुढंसुद्धा नाही — हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगायला जमेल, असं वाटतंय. बघते.

सगळे मला लाजाळू म्हणतात. कौतुकानंच म्हणतात. सूनबाई चार माणसांत तोंड उघडत नाही, असं सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या. ते खरंच आहे. पण त्या दिवशी जे झालं ते लाजेनं झालं का? इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आले.

कडेगावापासून जरा आत आमचं गाव. हे पलटणीत, लांब आसामकडं. घरात सासूबाई आणि मी. माझी चौथी झालेली, म्हणून घरातली पत्रं मीच वाचायची, मीच लिहायची. आणि शालन — माझी नणंद. मी त्यांना वन्संच म्हणते. नवऱ्यानं टाकल्यावर त्या माहेरी आल्या, दोन वर्षं लोकांच्या शेतात भांगलायला गेल्या, आणि मग मिरजेच्या एका ओळखीच्या बाईबरोबर कुवेतला गेल्या. एका घरी धुणं-भांडी, लेकरं सांभाळणं. गावात आम्ही सांगितलं — पुण्याला दवाखान्यात आया म्हणून लागल्या. पुरुष परदेशी गेला तर पेढे वाटतात. बाई गेली, तीही टाकलेली, तर लोक काय काय बोलतात ते इथं लिहवत नाही.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात त्यांचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं — इथं आलं की आपल्या सरकारच्या कचेरीत नाव नोंदवायचं असतं, म्हणजे काही बरंवाईट झालं तर आपलं माणूस कुठं आहे ते सरकारला कळतं. पण मालकीण उंबऱ्याबाहेर सोडत नाही, पासपोर्ट तिच्याच कपाटात. तिकडून नाव घालता आलं तर बघा. खाली पासपोर्टचा नंबर लिहिला होता, प्रत्येक आकडा दोनदा गिरवून. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. बघू म्हणालो. घाई कसली होती?

श्रावणात रेडिओवर कुवेतच्या लढाईची बातमी आली. मग कुणीतरी सांगत आलं की ज्यांचं माणूस तिकडं आहे त्यांची नावं सांगलीच्या सरकारी कचेरीत लिहून घेतायत. सासूबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. "तूच जा बाई," म्हणाल्या. "तुलाच वाचता येतंय. माजी लेक हाय गं तिथं."

गेले. नंबराचा कागद पोलक्यात. एस्टीत सगळी वाट मनात म्हणत होते — नाव शालन, वय बत्तीस, गाव अमुक. कचेरीच्या ओट्यावर टेबल, टेबलामागं चष्मेवाला कारकून, पुढं रांग. माझ्यापुढं तिघंच होती. तिघंच.

तेवढ्यात मागून हाक आली — "आवं ताई! तुमी हितं कुठं?"

आष्ट्याचे तात्या. माझ्या धाकट्या बहिणीचं, मंगलचं, त्यांच्या दुसऱ्या मुलाशी जमत आलेलं. बोलणी झालेली, सुपारी फुटायची राहिलेली. त्यांचा थोरला कुवेतला डायव्हर — ते आम्हाला पहिल्याच बैठकीत चारदा ऐकवलेलं.

"थोरल्याचं नाव घालाया आलोय," तात्या म्हणाले. "लय काळजी लागलीया बगा. तुमचं कोण हाय तिकडं? का आमच्या मंगलला आत्ताच इमानात बसवताय?" आणि हसले. रांगेतली दोघं-तिघंही हसली.

"न्हाई वो. आमचं कोण असणार? रेशनकार्डाचं काम हाय."

"मग ही रांग न्हवं की! या, मी दावतो."

तोवर पुढची तिघं झाली होती. कारकुनानं मान वर केली. "बाई, पुढं या. कोण आहे तुमचं?"

दुसऱ्यांदा विचारलं मला. दुसऱ्यांदा. आणि मी म्हणाले — कोणी नाही.

तात्यांनी मला रेशनच्या टेबलापाशी नेलं. वर चहा पाजला. भला माणूस.

घरी आले तर सासूबाई दारात. "दिलंस?" दिलं. "लिवून घेतलं?" घेतलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्या रात्री जेवल्या.

आता इथवर लाज म्हणा, भीती म्हणा. पण दुसरा दिवस होता ना? तिसरा होता. पोस्टानं पाठवायला काय झालं होतं — अख्ख्या घराची पत्रं लिहिणारी मी! नाही पाठवलं. कारण — हे लिहायलाच बसलेय तर लिहिते — नाव लागलं तर सरकारचा माणूस गावात विचारत येईल, वन्सं परत आल्या तर चावडीपुढं उतरतील, आणि आष्ट्याला कळेल. मंगलचं लग्न होईपर्यंत त्या तिकडंच राहिल्या तर बरं. असं मला वाटलं. एकदा नाही. रोज सकाळी रेडिओ लावताना वाटलं.

तात्यांचा थोरला भादव्यात विमानानं सुखरूप आला. दिवाळीनंतर मंगलच्या लग्नात मांडवात बसून सांगत होता — यादीतनं नाव पुकारलं की बसमध्ये चढायचं. ज्याचं नाव नाही तो खाली. मी बायकांत अक्षता वाटत होते. एक दाणा खाली सांडला नाही माझ्या हातून. ते अजून आठवतं.

वन्सं शिमग्यानंतर आल्या. मालक घर सोडून पळालेले. त्या एका शाळेत, आपल्या लोकांत, पोचल्या होत्या. पण पासपोर्ट नाही, तिथल्या यादीत नाव नाही, इकडूनही काही कळवलेलं नाही. थांबा, थांबा करत बसा निघून गेल्या, हिवाळा गेला, वरून बॉम्ब पडले. जवळच एक पडला. डाव्या कानानं त्यांना तेव्हापासून काहीच ऐकू येत नाही.

आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हणाले, दिलं होतं, सरकारी काम ते. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला.

सात वर्षं झाली. सासूबाई गेल्या. वन्सं आमच्यातच असतात; त्या कुठं होत्या ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. पंचमीला मंगल लेकरं घेऊन आली, तेव्हा तो विषय पुन्हा निघाला. "वैनी एवढ्या सांगलीला जाऊन आल्या," वन्सं म्हणाल्या, "आन् त्या मुडद्या कारकुनानं माजं नाव कुठं हरवलं कुणाला ठावं. त्येच्या घरादाराला भोगाय लागंल बगा."

मंगलनं मान डोलावली. तिचा धाकटा माझ्या मांडीवर होता. मी वन्संच्या अगदी जवळ बसले होते. आणि मी हळूच बोलले — नाव मी दिलंच नव्हतं.

"काय म्हणलासा, वैनी?" त्यांनी मान वळवून विचारलं.

मी म्हणाले, काही नाही, दिंड वाढू का अजून एक?

त्यांच्या डाव्या बाजूला मी मुद्दाम बसले होते.