दुसऱ्या कडव्यातलं घुंगरू

कानवाल्याला खोटं बोलणाऱ्यांची चीड होती, आणि न ऐकलेलं ऐकलं म्हणणाऱ्यांची त्याहून जास्त. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना कानात घालायची मशीनं बसवून देणं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. दुकानाच्या मागच्या बाजूला त्याने काचेची एक छोटी खोली करून घेतली होती. गिऱ्हाइकाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. बाहेरून हा एकेक सूर सोडणार, ऐकू आला की गिऱ्हाइकाने बटण दाबायचं, आणि बाहेर तपासणीच्या मशीनवर लाल दिवा लागायचा. निम्मी माणसं ऐकू न येताच दाबतात, असं तो सांगे. "लाज वाटते ना. मग अंदाजपंचे दाबत सुटतात." त्यांना पकडायची त्याची युक्ती ठरलेली होती. मध्येच तो दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा, एकही सूर सोडायचा नाही. दिवा लागला की गडी सापडला. ही गोष्ट त्याने मित्रांना इतक्या वेळा ऐकवली होती, की शेवटचं वाक्य आताशा त्यांच्यातले मास्तरच त्याच्या आधी म्हणून टाकत.

मित्र म्हणजे रसिक मंडळ. एका वयोवृद्ध तमिळ सिनेसंगीतकाराच्या भक्तांचं मंडळ, आणि त्यातल्या एकालाही तमिळ येत नव्हतं. शब्द कळायचे नाहीत, त्यामुळे सगळी भांडणं सुरांवरून. गणिताचे निवृत्त मास्तर, मंडळाचं पत्रक फुकट छापून देणारा छापखानेवाला, दोन वर्षांपूर्वी आलेल्या शिंपीणबाई आणि अध्यक्ष म्हणून हा. संगीतकाराचा उल्लेख 'थोरले' असाच करायचा, आणि मंडळाच्या नावाने कागद बाहेर जायचा तर चौघांच्या सह्या हव्यात, हे दोन नियम. जमायचं रविवारी सकाळी, याच दुकानात, कारण इतके चांगले स्पीकर दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

थोरल्यांची एक खोड होती. प्रत्येक सिनेमातल्या एका तरी गाण्यात, दुसऱ्या कडव्यात, एक घुंगरू एकदाच वाजायचं. कानवाला वीस वर्षांचा असताना रेडिओ दुरुस्त करायचा. एका संध्याकाळी उघड्या पडलेल्या सेटमधून ते घुंगरू त्याने पहिल्यांदा ऐकलं आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला. कानांच्या धंद्यात आपण त्या एका घुंगरामुळे पडलो, असं तो सांगे, आणि ते खरं होतं.

गेली चार वर्षं घुंगरू वाजत नव्हतं. म्हणजे कानवाल्याने तसा निकाल दिला होता. एकूणच हल्ली सगळं मचूळ झालंय असं त्याचं मत होतं. फोनवरचे आवाज घोंगडी पांघरून बोलल्यासारखे, स्पीकरात दम नाही, आणि पाखरंसुद्धा पूर्वीसारखी ओरडत नाहीत. बायको म्हणायची, अहो, पहाटेपासून कलकलाट चाललाय. तो म्हणायचा, ह्याला तू कलकलाट म्हणतेस?

महिन्यापूर्वी थोरल्यांच्या नव्या सिनेमाची आठ गाणी आली. आठही टुकार. यावर मंडळात दुमत नव्हतं. भांडण होतं ते कारणावरून. मास्तर म्हणत, वय झालं. छापखानेवाला म्हणे, पुतण्या करतो सगळं, हे नुसती सही ठोकतात. शिंपीणबाई म्हणाल्या, "आळस. जुनंच कापड उसवून पुन्हा शिवलंय. टाक्यांच्या खुणा दिसतात."

"ऐकू येत नाही म्हाताऱ्याला," कानवाला म्हणाला. थोरल्यांना म्हातारा म्हणायची मंडळात ही पहिलीच वेळ. "हे माझ्या धंद्यातलं आहे. उंच सूर आधी जातात. ज्याला ऐकू येत नाही तो ते वाजवणार कशाला? घुंगरू बंद झालं तेव्हाच मी ओळखलं." आणि त्याने खिशातून कागद काढला. थोरल्यांना पत्र. आपले कान गेले आहेत, आपण तपासून घ्यावेत, आणि तोवर कृपा करून थांबावं. खाली त्याने आपला धंदा आणि अनुभवाची वर्षं लिहिली होती. मंडळाच्या पत्रकातही हे छापायचं होतं.

"जरा कडक आहे," मास्तर म्हणाले.

"सोनारानेच कान टोचावेत, मास्तर. बाकी कोण सांगणार त्यांना?"

मास्तरांनी सही केली. छापखानेवाल्यानेही केली. शिंपीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"घुंगरू आहे," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पाचव्या गाण्यात. दुसऱ्या कडव्यात. असतं तिथेच."

कानवाल्याने गाणं लावलं. दुसरं कडवं आलं आणि गेलं. बाईंनी ऐन वेळी बोट वर केलं. कानवाला हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते असं. बाई, भक्ती केली की दगडातही देव दिसतो. पण मी कानांचा माणूस आहे. मला भास ऐकवू नका."

"मास्तर," बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला आलं का ऐकू?"

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. "तसं... काहीतरी किणकिणल्यासारखं वाटतं खरं. मागच्या सिनेमातही वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"हे नाही म्हणाले. हे तज्ज्ञ. मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी झालंय." छापखानेवाला खाली बघत मान हलवत होता. त्याचंही तेच झालं होतं. चार वर्षं दोन धडधाकट माणसं ऐकू येणारं घुंगरू ऐकू येत नाही म्हणून बसली होती.

कानवाल्याने जुनं गाणं लावलं, रेडिओच्या दुकानातलं. "हे घ्या. हे मला येतं की नाही ऐकू? स्वच्छ येतं."

"ते तुम्हाला पाठ आहे," बाई म्हणाल्या. "आता माझं ऐका. माझ्या सासूबाईंना मशीन तुम्ही बसवलंत. ते शिट्टी मारायचं. त्यांना स्वतःला कळायचं नाही, पण घरात सगळे कानावर हात ठेवून ओरडायचे, काढा ते. तीन वेळा मी त्यांना घेऊन आले. तीनही वेळा तुम्ही मशीन कानाला लावून म्हणालात, कुठे आहे शिट्टी? तिसऱ्यांदा तर सगळ्यांसमोर म्हणालात, सुनेला सासूचं मशीन सहन होत नाही."

"नव्हतीच शिट्टी."

"होती. या काउंटरपाशी उभी असलेली बाई दचकली होती. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुम्ही कानांचा माणूस." त्यांनी टेबलावरच्या पत्राकडे बोट केलं. "तुम्ही बसा त्या खोलीत. मी सूर सोडते. तपासणीच्या मशीनची चाकं कशी फिरवायची ते तुम्ही दर रविवारी दाखवता. ऐकू आलं तर मी सही करते आणि सासूबाईंच्या वतीने माफी मागते. नाही आलं तर हे पत्र फाडायचं."

नाही म्हणायला जागा नव्हती. कानवाला आत जाऊन बसला, हेडफोन चढवले, बटण हातात घेतलं. गिऱ्हाइकाला तो नेहमी भिंतीकडे तोंड करून बसवायचा, म्हणजे बाहेरचा हात दिसत नाही. आज मास्तरांनी खुर्ची तशीच फिरवली आणि दार लावून घेतलं.

पहिले सूर जाड होते, बैलाच्या हंबरण्यासारखे. ते सगळे आले. तो झटझट बटण दाबत गेला. मग सूर वर चढले, बारीक झाले, आणि एका जागी थांबले. खोलीत काहीच उरलं नाही. त्याला भीती वाटली. उद्या सकाळी याच खोलीत गिऱ्हाईक येऊन बसणार होतं. तीस वर्षांत किती मशीनं त्याने स्वतःच्या कानाला लावून 'ठीक आहे' म्हणून दिली होती, हे त्याला मोजायचं नव्हतं.

सूर कोणत्या चालीने सोडतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन श्वास, मग सूर. तीन श्वास, मग सूर. त्याने मनात श्वास धरले आणि बटण दाबलं. पुन्हा थांबला, पुन्हा दाबलं. जमतंय असं वाटलं. तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा दाबलं, आणि मग राहवेना म्हणून त्याने मान वळवून काचेतून पाहिलं.

लाल दिवा लागलेला होता. शिंपीणबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.

मास्तर आणि छापखानेवाला भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत उभे होते. तो बाहेर आला. त्याने टेबलावरचं पत्र घेतलं, दोनदा फाडलं आणि टोपलीत टाकलं.

"गाणी टुकारच आहेत," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "त्यांना तसं खुशाल लिहा, मी पहिली सही करीन. पण घुंगरू आहे, हे आधी लिहा."

कानवाल्याने मान हलवली. "तुमच्या सासूबाईंना उद्या घेऊन या. मशीन बघतो."

"त्या नाही यायच्या. मशीन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलंय. आता आम्ही बोललो की त्या नुसत्या हसतात, काय बोललो ते विचारत नाहीत."

"मग मी घरी येतो."

बाई दारापाशी थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर दया बिलकूल नव्हती.

"या," त्या म्हणाल्या. "आणि येताना शिट्टी ऐकू येईल असं कुणीतरी सोबत आणा."