दोन वजाबाक्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी कसा? सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचा आकडा चुकीचा लिहिलेला दिसला, तर शेजाऱ्याची बेल वाजवून सांगणारा.

पीण्या या कानडी मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात मी सॉफ्टवेअर सांभाळतो. लिफ्टच्या दारांचे पत्रे कापून, वाकवून देणारा कारखाना. मापांची सूत्रं आम्ही अक्षरांत लिहितो — ल म्हणजे लांबी, ड म्हणजे डावीकडची घट, उ म्हणजे उजवीकडची. ती वाचून उत्तर काढणारा पार्सर मी स्वतः लिहिला होता. अभिमान होता मला त्याचा. कल्पना साधी: गुणाकाराचा मान मोठा, वजाबाकीचा धाकटा. नवं चिन्ह आलं की आधी थांबलेल्या चिन्हाकडे बघायचं. त्याचा मान मोठा असेल तर त्याचं काम आधी उरकायचं.

आणि मान सारखाच असेल तर? तरीही आधीच्याचंच आधी. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. लिहायचं राहिलं.

सूत्रं भरायच्या शारदाक्का. त्या निपाणीच्या, मी खानापूरचा — कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. एकदा त्यांनी भरलं: ल − ड − उ. तोवर एका ओळीत दोन वजाबाक्या कुणी दिल्या नव्हत्या. मीही तपासल्या नव्हत्या. समजा, शंभरातून दहा, मग पाच — पंच्याऐंशी यायला हवेत. माझ्या पार्सरनं आधी दहातून पाच काढले, मग शंभरातून ते पाच. पंच्याण्णव. पत्रे वाकवून झाल्यावर कळलं. अख्खी ऑर्डर भंगारात.

मालकांनी विचारलं तेव्हा अक्का माझ्याकडे वळल्या. "मी बरोबरच लिहिलं होतं की हो, अण्णा. बघा तुम्ही."

बघितलं. चूक लगेच सापडली. सारख्या मानाची अट घातली. इथवर सगळं ठीक होतं. उठून सांगायचं, एवढंच उरलं होतं.

मी काय केलं? सगळ्यांना बोलावलं आणि अक्कांना म्हणालो, तेच सूत्र पुन्हा भरा. सूत्र साठत नसे, फक्त उत्तर साठत असे; त्यांनी आधी काय भरलं होतं याचा पुरावा कुठेच नव्हता — हे मला माहीत होतं. त्यांनी भरलं. उत्तर बरोबर आलं.

"अक्का, चष्मा बदला स्वल्प," स्टोअरचा मंजू म्हणाला. लोक हसले. मीही — हो, मीही हसलो.

अक्का स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझंच चुकलं असणार."

त्यानंतर त्या प्रत्येक सूत्र शेजारच्याला दाखवून मगच भरायच्या. पुढे स्वतःहून पॅकिंगला गेल्या. मला नोकरीची भीती होती का? नाही. मालकांनी मला काढलं नसतं. मला चुकलेला दिसायचं नव्हतं — एवढंच.

गेल्या महिन्यात होसकोटेला त्यांच्या मुलाच्या वास्तुशांतीला गेलो होतो. अक्कांनी सुनेला हाक मारली. "हे अण्णा. माझ्या चुकीनं केवढं नुकसान झालं, पण चारचौघांत मला एक शब्द बोलले नाहीत."

सून नमस्काराला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.