अंगठ्याचा ठसा

आमच्या भंडाऱ्यात दर रविवारी जाहिरातींचा एक पेपर फुकट घरपोच येतो. तो वाटणारा माणूस हप्ताभर पितळी भांड्यांच्या दुकानात पॉलिश करतो आणि वरकमाईसाठी रविवारी सायकल काढतो. फुकटचाच पेपर, पण हा कधी भिरकावत नाही. नीट घडी घालून फाटकाच्या जाळीत खोचतो, "पेपर आला जी, गुरुजी!" म्हणतो आणि आतून 'हो' आल्याशिवाय हलत नाही. पॉलिशने काळा पडलेला त्याचा अंगठा प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यावर उमटलेला असतो.

परवा बसस्टँडवर समोसा घेतला, तर खालच्या कागदावर तोच अंगठा! म्हणजे हा गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत विकतो की काय? मला तो समोसा गोड लागेना. कागद तसाच दुमडून खिशात घातला.

रविवारी तो आला तसा मी कागद त्याच्यापुढे धरला. "वाटायचे पेपर समोसेवाल्याले काहून देता?"

तो रागावला नाही. तेलकट कागद उलटा करून त्यानं पेनानं भरलेल्या शब्दकोड्यावर बोट ठेवलं. "हे अक्षर कोणाचं होय, गुरुजी?"

अक्षर माझंच होतं. आमच्या घरची रद्दी हिनं त्याच हप्त्यात विकली होती. मी ओशाळलो, पण त्याहून जास्त माझा जीव भांड्यात पडला.

त्यानं नवा अंक जाळीत खोचला.

"आठ उभं रिकामंच राह्यलं तुमचं. ह्या अंकातलं कोडं पुरं सोडवा, मंगच रद्दीत टाका जी."

आणि मी 'हो' म्हणेपर्यंत तो हलला नाही.